राइट्सचा हक्क वाया घालवू नका

प्रश्न : माझ्याकडे एका कंपनीचे ३०० शेअर आहेत, भाव १०० रुपये. तिने राइट्स इश्यू काढलाय, म्हणजे हातातल्या दर तीन शेअरमागे एक नवा शेअर ६० रुपयांना घेण्याचा हक्क दिलाय. पैसे घालायचे नाहीत. गप्प बसले तर चालेल? आणि रिव्हर्स स्प्लिटमध्ये अनेक शेअरांचा एक होऊन शेअर कमी होतात, ते नुकसानच ना? – निवृत्त शिक्षिका, फोंडा

उत्तर : बाई, गप्प मात्र बसू नका. तीन शेअर शंभरचे, चौथा साठचा. चारांचे ३६०, म्हणजे एक ९० रुपयांचा. इश्यूनंतर भाव साधारण तिथे सरकतो. तुमच्या ३०,००० चे २७,००० होतील. उरलेले ३,००० त्या १०० हक्कांत आहेत, जे तुमच्या डिमॅट खात्यात ‘आरई’ (राइट्स एन्टायटलमेंट) म्हणून जमा होतात. ते बाजारात विकता येतात, पण विक्री इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबते. ना अर्ज, ना विक्री, तर हक्क रद्द. माझ्या वडिलांचा असा कागद म्हापशाच्या घरी चवथीच्या गडबडीत कपाटातच राहिला. त्यांची हळहळ मी पाहिलीय. विकलेत तरी कंपनीतला तुमचा वाटा घटेल, हे धरून चला.

रिव्हर्स स्प्लिटने मात्र थेट काही जात नाही. अमेरिकेतल्या सिटीग्रुप बँकेने २०११ मध्ये दहा शेअरांचा एक केला, भाव दसपट झाला. पाहायचं ते एवढंच, की रिव्हर्स स्प्लिट करावं लागण्याइतका भाव आधी का पडला? त्यासाठी कंपनीचा ताळेबंद मागवून वाचा.