पट्टा म्हणजे परवानगी नव्हे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. समुद्र खवळलेला असताना तुम्हाला, माणसाला बोटीशी बांधून ठेवणारा पट्टा लावून, पाणबुडीच्या डेकवर जायला सांगितलं, तू "आत्ता नको" म्हणालास, आणि आता झोप उडाली आहे की आपण शहाणपणानं बोललो की घाबरून. घाबरला असशील. त्याची चर्चा करत बसायला मला वेळ नाही. मला टोचलं ते पुढचं वाक्य: 'पट्टा तर होता, म्हणजे जायलाच हवं होतं.'

नाही. पट्टा म्हणजे परवानगी नव्हे.

२९ डिसेंबर २००६, इंग्लंडमधलं प्लिमथ. 'मिनियापोलिस-सेंट पॉल' ही अमेरिकी अणुपाणबुडी बंदराबाहेर पडत होती आणि बंदरातून वाट दाखवणाऱ्या पायलटला उतरवायचं होतं. डेकवरच्या चौघांना लाटांनी खाली खेचलं. पट्टे लावलेले होते. चौघांपैकी दोघे गेले आणि त्यातला एक बोटीवरचा सर्वांत वरिष्ठ खलाशी होता. अनुभव कमी पडला, असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. पट्टा माणसाला बोटीपासून सुटू देत नाही, हे खरंच. पण म्हणूनच पुढची लाट त्याला पोलादावर आपटते, आणि तिच्या मागची पुन्हा.

आपली बोट पाण्याखालच्या कामासाठी घडवलेली आहे. वर आली की ती लाकडाच्या ओंडक्यासारखी लोळते. डेक पाण्यापासून हातभर उंच, वर ओला आणि शेवाळलेला, कडेला अडवायला काही नाही. पोटाचा भाग गोल, त्यामुळे पडलेल्याला हात घालायला जागाच सापडत नाही, आणि बोट पुढे जात असली की तो सरकतो पंख्याच्या दिशेनं. ब्रिज, म्हणजे बोट हाकणारे वर उभे राहतात ती जागा, एवढा बुटका की दोन लाटांमध्ये गेलेलं डोकं दिसेनासं होतं. पाणी थंड असेल तर बोटं काही मिनिटांतच दोर धरेनाशी होतात. हे तुला शिकवलेलं आहे. मग पट्ट्याच्या भरवशावर एवढं सगळं विसरायला कसं होतं रे?

ऑगस्ट १९४९ मध्ये नॉर्वेच्या उत्तरेला 'कोचिनो' पाणबुडीत वादळात बॅटरीचा स्फोट होऊन आग लागली. 'टस्क' मदतीला धावली. आग लागली एका बोटीवर, पण सात माणसं गेली ती दुसऱ्या बोटीच्या डेकवरून, लाटांनी ओढून नेली म्हणून. तिथं मात्र वर जाण्यावाचून इलाज नव्हता. शेजारची बोट जळत होती. अशा कामासाठी मीही तुला वर पाठवीन आणि स्वतःही येईन.

मी ज्या कामासाठी माणूस पाठवला, ते काम असलं नव्हतं. डेकवरच्या एका कप्प्याचं झाकण सैल झालं होतं आणि आत टकटक ऐकू येत होती. ब्रिजवर मी होतो. पट्टा आहे ना, म्हटलं, जा, दोन मिनिटांचं काम. लाट मागून आली. पट्टा टिकला, माणूसही जगला, पण त्याचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. ते झाकण सकाळपर्यंत टकटकलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. त्याला भेटायला गेलो तेव्हा तो मलाच धीर देत होता.

म्हणून पुढे कॅप्टन झाल्यावर, पायलटला घ्यायला डेकवर माणसं पाठवायची वेळ आली तेव्हा मी नकार दिला. रात्रभर बंदराबाहेर थांबलो. सकाळी वारा पडला, पायलट कोरड्या पायांनी चढला, आणि माझ्या अहवालात 'अतिसावध' हा शब्द चढला. बढती हुकली. लोक म्हणतात मी त्या एका अपघातानं खचलो होतो. खचलो नव्हतो, हिशेब शिकलो होतो. त्या रात्री बारा तास गेले, माणूस एकही गेला नाही. पुन्हा तीच रात्र आली तर पुन्हा थांबेन, आणि हे मी कुणाहीपुढे म्हणेन.

हॅचचंही, म्हणजे डेकवरून आत उतरायच्या दाराचंही, लक्षात ठेव. डेकवर माणसं आहेत म्हणून ते उघडं राहतं, आणि धोका मग आतल्या सगळ्यांच्या वाट्याला येतो. ऑक्टोबर २००४ मध्ये कॅनडाच्या 'शिकुटिमी' पाणबुडीत खवळलेल्या समुद्राचं पाणी उघड्या हॅचांतून आत आलं, विजेच्या तारांनी पेट घेतला आणि एक अधिकारी गेला. पट्टा बांधलेला माणूस वर सुखरूप असेल, पण खाली झोपलेल्यांना कुठला पट्टा?

तू 'आत्ता नको' म्हणालास ते चुकलं नाही. चुकलं ते एवढंच की काम सकाळपर्यंत थांबू शकतं का, हे विचारलं नाहीस. वरिष्ठाला नकार ऐकणं जड जातं, पण या प्रश्नाचं उत्तर त्याला द्यावंच लागतं. निदान मला तरी, झाकणासाठी माणूस वर पाठवला त्या रात्री, कुणी तो विचारायला हवा होता.

तीन पानांच्या पत्रात भीतीबद्दल इतकं लिहिलंस, आणि त्या दिवशी डेकवर करायचं काम नेमकं कोणतं होतं ते कुठंच नाही. उलट टपाली आधी ते कळव.