बॅक्टेरिओसिनचे उत्पादन आणि वाढीची परिस्थिती

लॅक्टिक आम्ल जिवाणूंवर तुम्ही नव्याने काम सुरू करत आहात, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो: पेशींची वाढ भरघोस झाली म्हणजे बॅक्टेरिओसिनही (जिवाणूंनी तयार केलेले, इतर जिवाणूंना रोखणारे पेप्टाइड, म्हणजे लहान प्रथिन) भरपूर मिळाले, असे गृहीत धरू नका. वाढीला मानवणारे तापमान आणि सामू (pH) उत्पादनालाही मानवतीलच असे नाही. लॅक्टोबॅसिलस साकेईच्या एका वाणात साकासिन-ए या बॅक्टेरिओसिनचे उत्पादन ३० अंश सेल्सिअसला चांगले होते, पण तापमान ३५ अंशांजवळ गेले की ते जवळजवळ थांबते आणि पेशी मात्र वाढतच राहतात.

सामूकडे तर विशेष लक्ष द्या. नायसिन या बॅक्टेरिओसिनसारखे धनभारित पेप्टाइड सामू ६ च्या आसपास असताना उत्पादक पेशींच्याच पृष्ठभागाला चिकटते, त्यामुळे अपकेंद्रणानंतर (वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवल्यावर) केवळ वरचा द्रव तपासल्यास उत्पादन कमी झाल्याचा भास होतो. पेशी वेगळ्या करण्यापूर्वी सामू ३ च्या खाली आणून मिश्रण ढवळले, तर चिकटलेले पेप्टाइड बरेचसे सुटून येते. माझ्या मते नवख्यांचे चुकीचे निष्कर्ष बहुधा इथेच निघतात.

नमुने ठरावीक अंतराने घ्या, कारण बॅक्टेरिओसिनची क्रियाशीलता बहुधा घातांकी वाढीच्या (पेशी वेगाने दुप्पट होत जाण्याच्या टप्प्याच्या) अखेरीस शिखर गाठते आणि पुढे विघटनामुळे घटते. अगार या घट्ट माध्यमावर नमुन्याभोवती दिसणारे निरोधन वलय (जिथे चाचणीचे जिवाणू वाढत नाहीत ते वर्तुळ) निव्वळ आम्लामुळेही पडू शकते. म्हणून पेशीविरहित द्रव उदासीन करूनच चाचणी लावा आणि शेजारी प्रोटीनेज-के (प्रथिने तोडणारे विकर) मिसळलेला नमुना ठेवा. त्याच्याभोवतीचे वलय नाहीसे झाले, तरच ते पेप्टाइडचे समजा.