शिल्पकाराला शरीररचनाशास्त्र शिकावंच लागतं का? समोर मॉडेल असताना नुसतं बघून भागत नाही का? आणि शिकायचं तर कोणत्या पुस्तकापासून?

नाही भागत. माझं तरी भागलं नाही.

शिकत असताना बसलेल्या म्हातारीचं शिल्प करत होतो, तळवा गुडघ्यावर पालथा टेकलेला. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग काही केल्या जमेना. मापं बरोबर, उजेड चांगला, तरी पंजा नंतर पिळून बसवल्यासारखा दिसायचा. तीन आठवडे माती चढवली, उतरवली. सर एवढंच म्हणायचे, "अजून बघ. डोळा तयार कर."

शेवटी ओळखीने एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या विच्छेदन कक्षात गेलो. तिथल्या बाईंनी हाताची हाडं आधी उताणी धरली, मग पालथी केली. उताण्या हातात कोपराखालची दोन हाडं, अंगठ्याच्या बाजूची रेडियस आणि करंगळीच्या बाजूची अल्ना, शेजारी शेजारी असतात. पालथा करताना अल्ना जवळजवळ जागेवरच राहते आणि रेडियस तिच्यावरून तिरकी जाते. म्हणजे पीळ मनगटात नसतोच, तो कोपराखालीच सुरू होतो! परत येऊन आर्मेचरमधली, म्हणजे मातीच्या आतल्या आधाराच्या सांगाड्यातली, सरळ सळई काढली, एकमेकींवरून जाणाऱ्या दोन तारा घातल्या आणि त्याच दिवशी हात बसला. तीन आठवडे डोळ्यांसमोर होतं, पण काय बघायचं तेच ठाऊक नव्हतं.

सर म्हणाले, "छान. आता हे मेडिकलच्या पोरांना दे. यात कला कुठे आहे?"

तेव्हा गप्प बसलो. आज सांगतो. फ्रेंच शिल्पकार उदोंने १७६७ साली कातडी सोललेला पुरुष घडवला तो संत जॉनच्या पुतळ्याची तयारी म्हणून. १८व्या शतकात इटलीतल्या बोलोन्याची आना मोरांदी स्वतः विच्छेदन करून मेणात शरीराचे अवयव घडवायची. पहिल्या महायुद्धात चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांसाठी अ‍ॅना कोलमन लॅड ही शिल्पकार पॅरिसमध्ये पातळ तांब्याचे मुखवटे करून त्वचेच्या रंगात रंगवायची. यात कला नाही, असं त्या सैनिकांना सांगून बघावं.

एक मात्र आहे. स्नायूंची नावं पाठ झाली की सगळे दाखवायचा मोह होतो. त्याच म्हातारीच्या दंडावर मी तो घोळ घातला, सैल कातडी विसरलो. ती चूक सरांनीच दाखवली आणि तिथे ते बरोबर होते. अमूर्त काम करणार असाल तर यातलं बरंचसं लागणारही नाही.

पुस्तक कुठलंही घ्या, पण आधी हाडं शिका, त्यातही कातडीलगतची: कोपर, गळ्याचं हाड, नडगी, घोटा. मापं तिथूनच घेतात.