वाखेनिंगेनला येण्याआधी पांझरा पायी फिर

भाऊ, तुझा प्रश्न वाचला. धुळ्याला बी.एस्सी. अ‍ॅग्री संपतंय, आता जमीन-पाणी व्यवस्थापन शिकायला नेदरलँड्सला यावं का, आणि परतल्यावर खानदेशात त्याचा उपयोग होईल का. मी साक्रीकडचा, इथे सहावं वर्ष. माझं उत्तर, ये. पण रिकाम्या हाताने येऊ नकोस.

वाखेनिंगेनचं कृषी विद्यापीठ १९१८ पासूनचं. तिथला इंटरनॅशनल लँड अँड वॉटर मॅनेजमेंटचा एम.एस्सी. दोन वर्षांचा, १२० क्रेडिटचा. आपल्याकडे माती, पाटबंधारे आणि विस्तार शिक्षण, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोचवणं, वेगवेगळ्या पेपरात येतात, इथे एकाच शेतावर तिन्ही समोर येतात.

पहिल्या सत्रात बाईंनी आम्हाला कुरणात नेलं आणि हातात लांब गिरमिट दिलं. खालून निघालेली माती काळी, ओली, कुजलेल्या गवतासारखी. बोटांत दाबली तर पाणी गळलं. तिला पीट म्हणतात. पाणी काढून टाकलं की तिला हवा लागते, ती कुजते आणि जमीन खचत जाते. गाई चारणाऱ्याला पाणी खाली हवं, जमीन वाचवायची तर वर हवं. पातळी ठरवतं वॉटरस्खाप, म्हणजे पाण्याचं मंडळ, आणि त्याची निवडणूक होते.

मला लगेच आमची फड पद्धत आठवली, पांझरा नदीकाठी पाणी वाटून घ्यायची जुनी रीत. बंधारा, पाट, पाणी सोडणारा पाटकरी, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी कमी त्या साली एखादा फड पडीक. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. बाईंनी विचारलं, गाळ कोण काढतं? जमीन विकली तर पाण्याचा हक्क कोणाकडे जातो? मला सांगता आलं नाही. आबांच्या बांधावर वाढलो आणि हे कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री घरी फोन लावला, आबा तासभर बोलत होते.

म्हणून या उन्हाळ्यात पांझरेकाठी फिर, पाटकऱ्याबरोबर पाण्याची एक पाळी जागून काढ. जंगल राखणाऱ्या बारीपाडा गावालाही जा. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली, पण जंगल राखायचे नियम गावाने कसे ठरवले ते तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐक. तलाठ्याकडे बसून चार सातबारे वाचायला शीक.

पैशांचं स्पष्ट सांगतो. शिकताना आठवड्याला १६ तास, नाहीतर फक्त जून ते ऑगस्ट पूर्णवेळ काम करता येतं, तेही मालकाने परवाना काढला तर. त्यावर फी निघेल असं धरू नकोस. मला एका एजंटने हेच उलटं सांगितलं होतं आणि बापाचं कपाशीचं वर्ष त्यात गेलं. पदवीनंतर नोकरी शोधायला वर्षभराचा परवाना मिळतो, पण पाण्याच्या मंडळात डच येत नसेल तर दारही उघडत नाही. पहिल्या महिन्यापासून भाषा धर.

प्रवेशाच्या पत्रात गुणांपेक्षा त्या पाटकऱ्याबद्दल लिही. आधी मराठीत लिहून मला पाठव, मी रविवारी निवांत वाचतो.