सांगलीत केलेल्या एमआरआयमध्ये ९ वर्षांच्या मुलीच्या मेंदूत पांढरे डाग दिसले. हा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणाला वारंवार इजा करणारा आजार) समजायचा का?
नाही, एकाच एमआरआयमधील डागांवरून तसे ठरवू नये. या आजाराच्या निदानासाठीच्या २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांनुसार मेंदूतील पोकळ्यांभोवती, बाह्य आवरणात वा त्यालगत, मेंदूस्तंभ व लहान मेंदूत आणि मज्जारज्जूत, या चारांपैकी किमान दोन जागी डाग असावे लागत (२०२४ च्या सुधारित निकषांत दृष्टिचेता ही पाचवी जागा आली); पण ११ वर्षांखालील मुलांना हे निकष जपून लावायचे असतात, कारण अनेकदा संसर्गानंतर होणाऱ्या ‘एडेम’ या मेंदूच्या दाहामध्येही मोठे, धूसर कडांचे डाग एकाच वेळी उमटतात आणि बहुधा परत येत नाहीत. मिरजेत मुलांचे एमआरआय वाचताना मी म्हणूनच आधीच्या तपासणीची सीडी मागतो. नुसत्या अहवालाने भागत नाही. मॉग प्रतिपिंडांची (चेतातंतूंच्या आवरणातील मॉग या प्रथिनावर हल्ला करणाऱ्या, वेगळ्या आजाराकडे बोट दाखवणाऱ्या) रक्ततपासणीही करून घ्यावी. मात्र दृष्टी अचानक अधू झाल्यास किंवा हातपाय लुळे पडल्यास पुढच्या एमआरआयसाठी थांबू नये.