सांगून घे

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दोन खोल्या, सात माणसं, आणि शांतता हवी म्हणून तू बाथरूममध्ये नळ सोडून बसतेस. बाहेरून कुणी कडी वाजवली की 'झालंच' म्हणून ओरडतेस. पाण्याच्या नासाडीबद्दल भेटल्यावर बोलेन. घरची माणसं प्रेमळ आहेत, तू कृतघ्न नाहीस, हे आपल्या दोघींना ठाऊक आहे. त्यावर कागद खर्ची घालत नाही.

मला राग आला तो चोरटेपणाचा. एकांत चोरायचा नसतो गं, सांगून घ्यायचा असतो. आज अंघोळीचं निमित्त, उद्या मैत्रिणीकडच्या नोट्सचं, परवा डोकेदुखीचं. अशा वेळात अर्धा कान दाराकडेच लागलेला असतो. ती कसली शांतता!

इगतपुरीला विपश्यनेला जाऊ का, विचारतेस. जा की. धम्मगिरीवर दहा दिवसांचं शिबिर असतं. पहाटे चारला घंटा, मोबाइल जमा, वही-पुस्तक बंद, दहाव्या दिवसापर्यंत मौन. फी नाही, शेवटी ज्याला वाटेल तो दान देतो. शिस्त म्हणून मला ते पसंत आहे. पण त्यानंतर तू घरीच येणार ना? काका स्पीकरवर फोन लावून बसलेले असणार, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असणार, आणि आजी विचारणार, 'तिथे जेवायला काय होतं गं?' दहा दिवसांना रजा पुरते. रोजच्या एका तासासाठी तोंड उघडावं लागतं.

मी उघडलं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासूबाईंना सांगितलं, दुपारी तीन ते चार मी घरात नसेन. 'कुठे जाणार?' 'कुठेच नाही.' हेच त्यांना पटेना. शिवणाच्या क्लासला जाते म्हटलं असतं तर चाललं असतं. नणंदांनी माझं नावच 'तीन ते चार' ठेवलं. मुलाला ताप असतानाही एकदा गेले, ते अजून प्रत्येक लग्नकार्यात निघतं. त्याच्या उशाशी त्याचा बाप बसला होता! बापाजवळ मूल ठेवलं तर ते टाकलं असं कसं होतं, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही. मी स्वार्थी होते म्हणतात. म्हणोत. मी सांगून जात होते.

तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांची भाकरी घेऊन आवली डोंगर चढायची, तिच्या पायात काटा रुतला, तो विठोबानं काढला, अशी कथा सांगतात. कीर्तनात लोक विठोबापाशी हात जोडतात, मी आवलीपाशी अडकते. तिला कुणी विचारलं होतं? म्हणून तास मागताना बदल्यात काय देणार तेही बोल. रात्रीची भांडी माझी, आजीच्या गोळ्यांचं मी बघेन, पण सकाळी साडेसहा ते साडेसात मला कुणी हाक मारायची नाही. आणि आईलाही तिचा तास विचार. 'मला कशाला गं' म्हणेल. ऐकू नकोस.

जागेचं रडगाणं मात्र पुरे. पुण्यात राहतेस तू. सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिका आहेत, पण तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं प्लायवूडच्या कप्प्यांत मान खाली घालून बसलेली, खुर्ची सरकली तरी दहा माना वळतात. नुसतं बसायला तिथे जीव धजणार नाही, आणि तुला तर नुसतंच बसायचंय. त्यापेक्षा वेताळ टेकडी. उजाडल्यावर चढ. सकाळचे फिरणारे काका मोठमोठ्यानं राजकारण सोडवत असतात, त्यांना पुढे जाऊ दे. जुन्या खाणीच्या पलीकडे मोरांचं ओरडणं सोडलं तर त्रास नाही. फोन जवळ ठेव, पण आवाज बंद. कुठे बसणार ते आईला नीट सांगून ठेव, म्हणजे ती दर दहा मिनिटांनी फोन करणार नाही.

पहिले काही दिवस घरात तोंडं फुगतील. फुगू देत. तू मात्र 'सॉरी, उशीर झाला' म्हणत घरात शिरू नकोस. साडेसातला येईन म्हणालीस ना, मग साडेसातलाच ये, आणि चहा टाक.

रविवारी मीही टेकडीवर असते. यायचं तर ये, पण माझ्या शेजारी बसून गप्पा मारायच्या नाहीत. खाली उतरल्यावर काय ते बोलू, नळाचं सुद्धा.

तुझी,
मावशी