दस्ता कापण्याआधी दोन्ही नळ्यांचे बार कागदावर घेऊन बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पहिल्या बाराला क्ले (हवेत फेकलेली मातीची तबकडी) फुटते, दुसऱ्याला जवळजवळ कधीच नाही. प्रशिक्षक म्हणतात, दुसऱ्या बाराला तुम्ही डोकं उचलता. बंदूक परवडणारी आहे, अक्रोडाचा दस्ता देखणा आहे, सोबत पाच चोक (नळीच्या तोंडात बसवायचे, छर्र्यांचा झोत आवळणारे तुकडे) आणि पेटी मिळतेय. आता तुमचा प्रश्न असा की दस्ता अर्धा इंच कमी करून घेतला तर ही ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक अशा दोन नळ्यांची बंदूक, घेण्यासारखी होईल का. माझ्या बाबतीत हे सगळं असंच्या असं घडलंय, म्हणून आधी एवढंच सांगतो: दस्त्याला हात लावू नका. निदान मी पुढे लिहितोय ते करून बघेपर्यंत तरी नको.

मी गनस्मिथ नाही. बरीच वर्षं ट्रॅप आणि थोडं स्कीट (दोन्ही क्ले मारायचे खेळ) खेळलेला साधा नेमबाज आहे. परवाना, बंदूक रिकामी असल्याची खात्री, कान-डोळ्यांचं संरक्षण हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

माझी पहिली स्वतःची ओव्हर-अंडर अशीच स्वस्तातली होती. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण त्याच मॉडेलच्या उत्तम चालणाऱ्या बंदुका मी नंतर पाहिल्या. मी लाकूड बघून ती घेतली. रेषा सुंदर होत्या, नक्षी बरी होती, उघडझाप घट्ट होती. खालची नळी आधी, वरची नंतर, या सवयीने खेळायचो, आणि दुसरा बार हवेत जायचा. सगळे म्हणाले, डोकं उचलतोस. मी गाल दस्त्याला इतका दाबून धरायला लागलो की गालावर वळ उठायचे. मग कोणी म्हणालं, दस्ता लांब आहे. कापून घेतला. मग कोणी म्हणालं, कोंब (दस्त्याचा वरचा काठ, जिथे गाल टेकतो) उंच आहे. तोही तासून घेतला. एका हंगामात हजारो काडतुसं गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे मला स्वतःच्याच नजरेचा भरवसा वाटेनासा झाला.

शेवटी क्लबातल्या एका वयस्क सदस्यांनी साधा प्रश्न विचारला: "सिलेक्टर फिरवून वरच्या नळीने पहिला बार कधी घेतलास का?" (सिलेक्टर म्हणजे कोणती नळी आधी उडेल ते ठरवणारी कळ.) नव्हता घेतला. पंचवीस क्ले फक्त वरच्या नळीने, पहिल्याच बाराला मारल्या. चार फुटल्या. लगेच पुढच्या पंचवीस खालच्या नळीने मारल्या, एकोणीस फुटल्या. माणूस तोच, डोकं तेच, दस्ता तोच. दुसऱ्या दिवशी कागद लावला, तर वरच्या नळीचा झोत खालच्या नळीच्या झोतापासून एक वीत आणि चार बोटं इतका खाली आणि उजवीकडे पडत होता.

ओव्हर-अंडर विकत घेताना सगळ्यात आधी बघायची गोष्ट मला इथे कळली. दोन नळ्या मोनोब्लॉकमध्ये (मागच्या टोकाच्या पोलादी ठोकळ्यात) बसवून रिबने (लांब पट्टीने) जोडतात तेव्हा त्या ठरावीक अंतरावर एकाच जागी मारतील अशा जुळवाव्या लागतात. याला रेग्युलेशन म्हणतात. नीट करायचं तर जोडायचं, कागदावर मारून बघायचं, चुकलं तर पुन्हा गरम करून नळ्या किंचित हलवायच्या आणि परत मारायचं. यात माणसाचा वेळ जातो. स्वस्त बंदुकीत पोलाद सहसा पुरेसं असतं, काटकसर होते ती या वेळेत. साच्यात बसवून जोडलेल्या नळ्या बहुतेकदा जुळतात, पण काही वेळा जुळत नाहीत आणि तशीच बंदूक पेटीत जाते.

आता कसं तपासायचं ते. एक मीटरभर रुंद-उंच कागद, मध्ये ठळक ठिपका, अंतर ३५ मीटर. दोन्ही नळ्यांना सारखाच आणि शक्य तितका घट्ट चोक, म्हणजे फुल, कारण झोत आवळलेला असला की मध्य नीट दिसतो. बसून, पुढचा हात वाळूच्या पिशवीवर टेकवून, रायफलसारखा सावकाश नेम धरून मारा. बंदूक पिशवीवर टेकवू नका, हात टेकवा. प्रत्येक नळीचे निदान तीन, जमल्यास पाच बार, प्रत्येक बाराला नवा कागद, त्यावर नळी आणि क्रमांक. काडतूस एकाच खोक्यातलं. मग प्रत्येक झोताचा मध्य डोळ्याने खुणावा आणि दोन नळ्यांचे कागद ठिपक्यावर ठिपका ठेवून उजेडासमोर धरा. फरक लगेच दिसतो.

काय दिसतं त्यावर निर्णय वेगळा होतो. दोन्ही नळ्या एकाच जागी मारतात पण ती जागा ठिपक्यापासून दूर आहे, तर बहुधा दस्ता तुमच्या अंगाला बसत नाही. त्यावर लाकडाचं काम करता येतं, शिम (पातळ चकत्या) घालता येतात, कोंब वर-खाली करता येतो. झोत ठिपक्याच्या थोडा वर बसत असेल तर तो दोषही नसेल, कारण ट्रॅपच्या बंदुका मुद्दाम वर मारणाऱ्या बनवतात. पण दोन नळ्या एकमेकींपासून दूर मारत असतील तर दोष धातूत आहे, आणि लाकूड कितीही कापलं तरी तो जाणार नाही. मी नेमका तोच खटाटोप करत बसलो होतो.

किती फरक चालेल? माझं मत सांगतो, नियम म्हणून घेऊ नका. चोकची मोजणी परंपरेने ४० यार्डांवर ३० इंचाच्या, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात करतात. फुल चोकमध्ये साधारण ७० टक्के छर्रे त्यात यावेत अशी अपेक्षा असते. एवढ्या रुंदीत आठ-दहा सेंटिमीटरचा फरक मी सोडून देईन. पंधराच्या पुढे असेल तर मी ती बंदूक घेणार नाही, फुकट दिली तरी नाही.

नळ्यांना दोष देण्याआधी एक गोष्ट मात्र करा: चोक अदलाबदल. वरच्या नळीतला चोक खाली, खालचा वर, आणि पुन्हा मारा. चूक चोकबरोबर गेली तर चोकच वाकडा आहे. नवा घेतला की काम झालं. चूक नळीबरोबरच राहिली तर नळ्या जुळलेल्या नाहीत किंवा चोकचे आटे तिरके पाडलेत. दोन्हींपैकी काहीही असलं तरी ते घरी दुरुस्त होणारं काम नाही. (चोकच्या आट्यांना अगदी पातळसं ग्रीस लावत जा, आणि दर वेळी साफ करताना काढत जा. नाहीतर एक दिवस निघणारच नाही.)

आता ज्या गोष्टीचा मला अजून राग येतो ती. मी कागद, क्रमांक, अंतर, सगळं व्यवस्थित लिहून बंदूक अधिकृत दुरुस्ती विभागाकडे पाठवली. दोन महिन्यांनी परत आली, सोबत एक ओळ: "तपासली, निर्दोष आहे." काय तपासलं? प्रूफ मार्क ठीक आहेत, चाप चालतो, इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारे भाग) चालतात. कागदावर एक बारही मारला नव्हता. फोनवरचे गृहस्थ मला सांगत होते की बंदूक प्रूफ हाऊसमधून पास झाली आहे, म्हणजे ती बरोबरच मारते. हे साफ चूक आहे. प्रूफ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसं उडवून नळी आणि लॉक तो दाब सोसतात का, एवढीच चाचणी. झोत कुठे पडतो याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. हे दुरुस्ती विभागात बसलेल्या माणसाला माहीत नसावं, किंवा माहीत असून ग्राहकाला असं सांगावं, दोन्ही वाईटच.

मी पुन्हा पाठवली. या वेळी उत्तर आलं की दस्ता कापलेला आणि तासलेला आहे, म्हणजे मालकाने बदल केलेत, म्हणून वॉरंटी लागू नाही. दोष नळ्यांत, आणि नकार लाकडामुळे. भांडलो, पत्रं लिहिली, काही झालं नाही. कागद आधी मारला असता तर दस्ता शाबूत असता आणि त्यांना तो आडोसा मिळाला नसता. माझी सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. तुमचा दस्ता अजून शाबूत आहे, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय. वॉरंटी कोण देतंय, प्रत्यक्ष काम कोण करतंय आणि नळ्या न जुळणं ते दोष म्हणून धरतात का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. उत्तर टाळलं तर तेही उत्तरच समजा.

बाकीची तपासणी थोडक्यात. फोरएंड (नळ्यांखालचं पुढचं लाकूड) काढा, नळ्या बंद स्थितीत धरून हलवा. नव्या बंदुकीत कसलाही खुळखुळाट नको. बंदूक उघडायचा वरचा लिव्हर बंद केल्यावर मध्यापासून किंचित उजवीकडे थांबला तर झीज व्हायला वाव शिल्लक आहे. मध्याच्या डावीकडे गेला असेल तर बंदूक बरीच चाललेली आहे. नळ्या सुट्या करून एका बोटावर लटकवा आणि लाकडाने हलकेच टिचकी मारा: घंटेसारखा नाद आला तर रिब धरून आहेत, ठप्प आवाज आला तर डाख कुठेतरी सुटलाय.

चापाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण यावरून चांगल्या बंदुका उगाच नाकारल्या जातात. बऱ्याच एकचापी बंदुकांत दुसरा बार पहिल्याच्या धक्क्याने तयार होतो. स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालून चाप दोनदा ओढला आणि दुसऱ्यांदा काहीच झालं नाही तर घाबरू नका. दस्त्याच्या मागच्या बाजूला तळहाताने ठोसा द्या, मग ओढा. पण २४ ग्रॅम छर्र्यांची हलकी काडतुसं वापरणार असाल तर हा चाप त्यांच्यावरही तयार होतो का, हे मैदानावर बघा. काही बंदुका तिथे अडतात. यांत्रिक चापाला ही अडचण नाही.

वजनाकडेही लक्ष द्या. स्वस्त ओव्हर-अंडर बऱ्याचदा शिकारीसाठी हलकी बनवलेली असते, तीन किलोच्या आसपास. खांद्यावर घेऊन फिरायला छान, पण दिवसाला शंभर क्ले मारायच्या असतील तर तिचा धक्का तुम्हाला चाप ओढताना डोळे मिटायला शिकवेल. क्लेसाठी साडेतीन किलो किंवा जास्त घ्या. वजन हे फुकट मिळणारं धक्काशोषक आहे.

स्वस्त म्हणजे वाईटच असंही मला म्हणायचं नाही. ओव्हर-अंडर हा प्रकार रूढ करणाऱ्या ब्राउनिंग सुपरपोज्डमागेही सामान्य नेमबाजाला परवडेल अशी बंदूक देण्याचाच विचार होता. तिचे रचनाकार जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममधल्या लिएजला वारले, पुढचं काम मुलगा व्हॅलने केलं आणि १९३१ मध्ये ती बाजारात आली. रशियातल्या इझेव्हस्कच्या बायकल आयझेडएच-२७ मी दगडासारख्या चालताना पाहिल्या आहेत. चाप जड, लाकूड ओबडधोबड, पण मारायच्या जिथे धरल्या तिथे. तुर्की बंदुकांतही चांगल्या भरपूर आहेत. पण त्याच पैशात वापरलेली बेरेटा ६८६ किंवा मिरोकू मिळत असेल, तर मी डोळे झाकून नव्हे, कागद मारून, तीच घेईन. तिचे सुटे भाग मिळतात, तिच्यावर काम केलेले कारागीर सापडतात, आणि झिजलेल्या बेरेटाच्या बिजागरीचे खुंट थोड्या मोठ्या मापाचे घालून ती पुन्हा घट्ट करता येते. पाच चोक आणि पेटी यांचा विचार किमतीत धरूच नका.

तर या आठवड्यात आधी सिलेक्टर फिरवून पंचवीस-पंचवीस क्ले मारा. दुसऱ्या बाराची क्ले मुळात दूर गेलेली असते, म्हणून दोन्ही नळ्या पहिल्याच बाराला वापरल्याशिवाय तुलना खरी होत नाही. मग कागद. प्रशिक्षकांनाही सोबत बोलवा, त्यांचं म्हणणं बरोबर असूही शकतं. कागदांचे फोटो इथे टाका, अंतर, चोक आणि काडतुसातल्या छर्र्यांचं वजन लिहून. मी बघतो.